कमरेएवढ्या पाण्यात

रविवारी भाऊंना भेटायला त्यांच्या क्वार्टरवर कोणी जात नसे. गेलं तर दार वहिनी उघडणार आणि "गेले पान्यावर" एवढंच सांगणार, हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. घरचा माणूस बाजारात गेलाय असं सांगावं, तशा सुरात त्या ते सांगत. पण दार लावताना कडी जरा जोरात लागे.

आम्ही दोघे ऊर्जानगरला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये होतो. भाऊ तिथले जुने स्टोअरकीपर. मी वर्ध्याकडून नव्याने आलेला क्लार्क, लग्न न झालेला, त्यामुळे रविवार कसा घालवावा हे न कळणारा. भाऊंचा रविवार ठरलेला होता. उजाडायच्या आत ते काळ्या, जड सायकलवर निघत. जंगलातल्या रस्त्याने आपल्या जन्मगावी जात. गावाला जुन्या काळचा मोठा तलाव होता. त्या तलावात उतरून पोहत पलीकडे जायचं, पलीकडच्या काठावरून सागाच्या जंगलातल्या पायवाटेने टेकडीपर्यंत धावायचं, टेकडीवरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायचा आणि आल्या वाटेने परत.

"का करता हे?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मंग रविवारी काय करते मानूस?" त्यांनी मलाच विचारलं.

आठवड्यातल्या इतर दिवशीही ते सायकलनेच येत. कंपनीची बस रोज त्यांच्या बाजूला येऊन हळू होई. ड्रायव्हर खिडकीतून म्हणे, "या ना भाऊ, बसा." भाऊ म्हणत, "तू चाल पुढं, मी येतोच मांगून." रोज हेच संवाद. बसमधली माणसं रोज हसत. 'येडा आहे पण कामाचा आहे,' असं त्यांच्याबद्दल बोललं जाई आणि ते त्यांना ठाऊक होतं. स्टोअरमधला कुठला नट कुठल्या रॅकवर आहे हे डोळे मिटून सांगतात म्हणून कामाचे. आणि आंघोळीनंतर कधी अंग पुसत नाहीत, हवेत उभे राहून वाळतात, म्हणून येडे. "पानी आपल्या मनानं आलं, आपल्या मनानं जाईन," असं ते म्हणत. थंडीत वहिनी टॉवेल घेऊन मागे उभ्या राहत आणि तसाच कोरडा टॉवेल परत आत नेत.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा जंगल सुरू होताच त्यांनी मोठ्याने ओरडायला सुरुवात केली.

"ग्लँड पॅकिंग."

मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

"जबाब दे ना," ते मागे न बघता म्हणाले. "आहे का नाई?"

"आहे," मी म्हणालो.

"चार इंची फ्लँज."

"संपले."

"काऊन संपले? मागनीचा इंडेंट काऊन नाई टाकला?"

मग वळण गेल्यावर समजावून सांगितलं. अस्वलाला माणूस अचानक समोर आलेला चालत नाही. त्याला आधी खबर द्यावी लागते. एकट्यापेक्षा दोघांचा आवाज बरा. मी म्हटलं, मग गाणं म्हणा. ते म्हणाले, "गानं येत नाई मले. स्टोअर येते." त्या जंगलातल्या प्रत्येक वळणाला आमच्या स्टोअरचा साठा तोंडपाठ झाला असेल.

पोहणं मला त्यांनीच शिकवलं, त्याच तलावात. मी विहिरीत उड्या मारणारा. हातपाय मारून तरंगायचो एवढंच. भाऊंचं पोहणं वेगळं होतं. ते ढिवरांच्या घरातले. नोकरी लागेपर्यंत वडिलांबरोबर मासे धरलेले. डोकं वर, अंग पाण्याखाली, पाण्याचा आवाज नाही. शिंगाड्याच्या वेलीतून असे सरकत जात की पानंही हलत नसत. पलीकडच्या काठाला माझ्या कितीतरी आधी पोचत, पण बाहेर निघत नसत. कमरेएवढ्या पाण्यात माझ्याकडे तोंड करून उभे राहत. दोन्ही हात पोटापाशी, मुठी आवळलेल्या. मी धापा टाकत पोचलो की "चाल" म्हणत, आणि आम्ही दोघं एकदम बाहेर पडत.

मला वाटायचं, मी बुडेन या काळजीने ते थांबतात. तसं म्हणूनही दाखवलं. त्यांना हसू आलं.

"तुह्यासाठी नाई रे थांबत. सवय हाय." मग त्यांनी सांगितलं. ओढायचं मोठं जाळं असतं, त्याची दोन टोकं दोघांनी पोहत न्यायची असतात. दोन्ही टोकं एकदम काठाला लागली पाहिजेत. एक आधी लागलं की जाळं तिरपं होतं आणि सगळे मासे मोकळ्या बाजूने निघून जातात. म्हणून जो आधी पोचतो, त्याने कमरेएवढ्या पाण्यात दोर ताणून उभं राहायचं आणि दुसऱ्याची वाट पाहायची. एकदा लहानपणी ते आधीच बाहेर पडले होते. वडिलांनी मारलं नाही, पण त्या दिवशी गावात कोणाच्याच घरी मासे शिजले नाहीत. "आता दोर नाई, जाळं नाई," ते म्हणाले, "पन पानी कमरेले लागलं का पाय थांबतेत."

असली तीन खेळांची शर्यत असते, हे मला नागपूरच्या एका मित्राकडून कळलं. पोहणं, मग डोंगरवाटांवर सायकल, मग धावणं, सगळं एका दमात. ट्रायथलॉन. आणि रस्त्यावरची नव्हे, तर रानातली, चिखलदगडातली. देशभरच्या हौशी लोकांची अजिंक्यपद स्पर्धा सह्याद्रीत एका धरणाच्या काठी होणार होती आणि चाळिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट होता. मी भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ एका पाइपच्या तुकड्यावरचा गंज नखाने काढत राहिले.

"याची बी शर्यत असते?" ते म्हणाले. थोड्या वेळाने, "आधी पवनं, मंग सायकल? उलटंच करून राह्यले लोकं."

हे सगळं तिथेच राहिलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात, मोहफुलं पडायच्या दिवसांत, टेकडीवरून एकटेच धावत उतरताना भाऊंची अस्वलाशी गाठ पडली. धाप लागली होती म्हणून ओरडत नव्हते, एवढंच झालं. अस्वलाने पोटरी फाडली. गावच्या लोकांनी दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. भाऊ संध्याकाळी घरी आले, फुलपँट घालून जेवले, झोपले आणि सोमवारी कामावर गेले. वहिनींना ही गोष्ट मंगळवारी भाजीवालीकडून कळली.

त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. भाऊ पलंगावर पाय लांब करून बसले होते. वहिनी मूळच्या भद्रावतीच्या, बोलायला सडेतोड. पण त्या दिवशी ओरडत नव्हत्या.

"भाजीवालीले मालूम आणि मले नाई," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुमीच सांगा, मी या घरात कोन हावो?"

"दुखत नोतं जास्त," भाऊ म्हणाले.

"तुमाले इचारलं काय? मी भाऊजीले इचारून राह्यली."

असं बराच वेळ चाललं. वहिनी रडल्याही. रविवारी माणूस घरी असावा, एवढं साधं बाईमाणसाला मिळू नये का, असं काहीतरी म्हणाल्या. भाऊ एकच म्हणत, "पान्याबिगर मले जमत नाई." मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांमध्ये बसणं सहन होत नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. भांडण म्हणजे अडलेली फाइल आहे आणि ती हलवायची असते, अशी माझी समजूत होती.

मी म्हणालो, भाऊंनी त्या शर्यतीत उतरावं. आपल्या गटात पहिल्या तिघांत आले तर वहिनींनी पुन्हा कधी अडवू नये. लोकही येडा म्हणायचे थांबतील. नाही आले, तर पाणी, जंगल, सगळं बंद. कायमचं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊंनी विचारलं, "तू बी उतरशीन संगं?"

मी हो म्हणालो.

"मंग देल्ला सबद," ते वहिनींना म्हणाले. वहिनी उठून आत गेल्या. मी तो होकार समजलो.

पाय बरा झाल्यावर भाऊंनी जी तयारी केली ती मी जवळून पाहिली. मित्राने नागपूरहून गिअरची सायकल पाठवली. भाऊंना गिअर आवडेनात. प्रत्येक वेळी खटका पडला की ते खाली वाकून बघत, काही तुटलं का म्हणून. पण शिकले. हा माणूस कधीच कोणाच्या पुढे जाण्यासाठी धावला नव्हता. आता धावताना ते मधेच विचारत, "बाकीचे यापेक्षा जोरात धावत असतीन काय?" मला उत्तर ठाऊक नसायचं. मी म्हणायचो, तुमच्यापेक्षा नाही. ओरडण्यातली गंमत कमी झाली. टेकडीवरच्या दगडाला हात लावून ते लगेच फिरत. आधी डोक्याला बांधून नेलेला भात तिथे बसून खात, तो डबा आता सायकललाच राही. हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं होतं.

धरणाच्या काठी आम्ही पोचलो तेव्हा तिथे रबराचे काळे पोशाख चढवलेली माणसं होती. पाणी थंड होतं. भाऊ नाडीच्या चड्डीवर होते. एका तरुण आयोजकाने त्यांना अदबीने विचारलं, "काका, वेटसूट आणला नाही का? भाड्याने मिळेल."

"आंगाले रबर लावून पवते काय कोनी?" भाऊ मला म्हणाले. मग त्या मुलाला म्हणाले, "नोको जी. असंच बरं हाय."

त्यांनी काठावर वाकून पाणी हाताने हलवून पाहिलं आणि मला म्हणाले, "हे बरं पानी हाय." त्या सकाळी ते खूश होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

शिट्टी झाली. माणसांच्या गर्दीत, पाण्याच्या फेसात मला काही दिसेना. नाकातोंडात पाणी गेलं. मी मागे पडलो, मग आणखी मागे. पाण्यातल्या शेवटच्या खुणेला वळसा घालून डोकं वर काढलं तेव्हा समोर काठ दिसला, आणि काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, माझ्याकडे तोंड करून एक माणूस उभा दिसला. दोन्ही हात पोटापाशी.

त्यांच्या डावीउजवीकडून लोक पाणी उडवत बाहेर पळत होते. काठावरचे स्वयंसेवक हात हलवून ओरडत होते. एकाला वाटलं, पायात गोळा आला असेल. तो पाण्यात उतरून त्यांचा दंड धरू लागला. भाऊंनी तो हात हळूच बाजूला केला. त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

मी ओरडलो, "जा." तोंडात पाणी गेलं. पुन्हा ओरडलो. जितकी घाई केली तितका दम तुटला. तेवढं अंतर मी आयुष्यात इतकं वाईट कधी पोहलो नसेन. जमिनीला पाय लागले तेव्हा आमच्या मागे पाण्यात फारसं कोणी उरलं नव्हतं. माझा हात त्यांच्या हाताजवळ आल्यावर त्यांनी मुठी सोडल्या. झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. लोक कुठे आहेत, आपण कुठे आहोत, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

"चाल," ते म्हणाले.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. डोंगरवाटेवर त्यांनी एकामागून एक माणसं मागे टाकली. प्रत्येक वळणाला "ग्लँड पॅकिंग", "व्ही-बेल्ट" असं ओरडत एक काका गेले, असं पुण्याचा एक मुलगा नंतर हसत सांगत होता. त्याला वाटलं होतं, काकांची सायकल बिघडली आहे आणि ते सुटे भाग मागत आहेत. धावताना त्यांनी अखेरपर्यंत एकाचा पाठलाग केला. तो त्यांच्या डोळ्यांसमोर शेवटची पट्टी ओलांडून गेला.

भाऊ त्यांच्या गटात चौथे आले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून शेंगदाणे सोलत होते. सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवत होते. "बरं वाटून राह्यलं ना तुले? बहुत पानी पेलास," ते म्हणाले. मी रडायला लागलो. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

"भाऊ, वहिनींना मी सांगतो. तुम्ही माझ्यामुळे थांबलात."

"सांगायचं नाई." ते पहिल्यांदाच कडक बोलले. "तुही वयनी म्हनन, मंग हे हारनं नोय, जा तुमी पान्यावर. सबद असा सैल करता येत नाई."

दारात वहिनींनी विचारलं, "कितवे?" भाऊ म्हणाले, "चौथा." वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मी दारातूनच माझ्या खोलीवर गेलो.

त्यानंतर भाऊ तलावावर गेले नाहीत. काळी सायकल कोणाला तरी देऊन टाकली आणि कंपनीच्या बसने यायला लागले. पहिल्या दिवशी बसमध्ये कोणी हसलं नाही. संध्याकाळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून ते कॉलनीतल्या मैदानाला इतरांसारख्या चकरा मारत. लोक म्हणाले, भाऊ आता माणसात आले. अंग पुसायचेसुद्धा. वहिनींनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुशीचा नव्हता.

"दर रविवारी फाटकापाशी जाऊन उभे रायतेत," त्या म्हणाल्या. "कोनी येनार हाय काय म्हनून इचारलं, त म्हनतेत, नाई, असाच. मंग आत येतेत. मंग पुन्हा जातेत."

वर्षभर हे पाहून मला राहवलं नाही. एका रविवारी भाऊ दळण आणायला गेले असताना मी वहिनींना सगळं सांगितलं. पाणी, काठ, मुठी, सगळं. त्या ओट्याला टेकून ऐकत राहिल्या. त्याच दुपारी भाऊ माझ्या खोलीवर आले. चपला न काढता आत आले.

"तुले सांगतलं होतं ना मी."

"भाऊ, पण हार तुमची नव्हती."

"मंग कोनाची होती? तुही?" ते म्हणाले. "थे आत्ताच म्हने, भाऊजीच्यानं झालं, तुमी जा. मंग मी आता तुह्या नावावर हार टाकून पान्यात उतरू काय?"

मी म्हटलं, टाका. माझी हरकत नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग गेला होता. "तुही नसन हरकत," ते म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी स्टोअरमध्ये त्यांनी माझ्यासाठी नेहमीसारखा चहा सांगितला.

पुढे माझं लग्न झालं, बदली झाली. भाऊ रिटायर होऊन कॉलनीबाहेर लहानशा घरात राहायला गेले, हे फोनवर कळायचं. साखर वाढली, मग बी.पी. मी येतो येतो म्हणत राहिलो. गेलो तो त्यांच्या तेरवीला.

अंगणात पंगतीची तयारी चालली होती. वहिनी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं. मी जे बोलायचं म्हणून वाटेत जुळवत आलो होतो ते बोलायला लागलो. माझ्यामुळे, मी पाण्यात मागे पडलो नसतो तर, वगैरे.

"थे सोडा," वहिनी म्हणाल्या. "पवता नाई आलं त त्यात तुमचा काय दोष?" मग त्यांनी विचारलं, "भाऊजी, त्या रोजी मी काय मांगतलं होतं, याद हाय तुमाले?"

"भाऊंनी पाण्यावर जाऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"नाई." त्या शांतपणे म्हणाल्या. "महिन्यातला एक रविवार घरी राहा, असं मी म्हनली होती. एकच. बाकीचे जा म्हनली. थे कबूल होत आले होते. मंग तुमी म्हनले, वयनी, असं अर्धंमुर्धं नोको, एकदाचा काय तो निकाल लावून टाकू."

मला ते आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. पण 'एकदाचा काय तो निकाल लावून टाकू' हे बोलणं माझंच आहे. ऑफिसात मी ते आजही बोलतो.

"मंग तुमी त्या रोजी काही म्हणाला का नाहीत?" मी विचारलं. घाबरून मीही त्यांच्यासारखाच बोलायला लागलो होतो.

"तुमी शिकले-सवरले," वहिनी म्हणाल्या. "आणि थे तुमच्याकडे पाहून इतके खूश झाले होते."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, भात आला म्हणून. वहिनी भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "चला," त्या म्हणाल्या, "जेवून घ्या. दुरून आले तुमी." मी त्यांच्या मागे अंगणात गेलो आणि पंगतीत बसलो. त्यांनी स्वतः येऊन माझ्या पानात भात वाढला, आणि पुरे म्हणायला माझा हात वर येईना.